१८ गुंठे आणि रॅम्पची भिंत

जमिनींचे मूल्यांकन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तरीही पुण्याच्या चांदणी चौकातील नवा बहुमजली पूल १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुला झाल्यानंतर काही महिन्यांनी केलेल्या एका स्थळपाहणीने माझा एक जुना ठोकताळा मोडला. जागा बावधनच्या बाजूची, १८ गुंठे, कर्जासाठी तारण ठेवायची होती.

सातबारा आणि नकाशा पाहून मी आदल्या रात्रीच मनात आकडा धरला होता. मुंबई–बंगळूर महामार्ग हाकेच्या अंतरावर, कोथरूड जवळच, आणि २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी जुना पूल पाडला गेल्यापासून तिकडचे जमीनमालक चढ्या भावानेच बोलत होते. प्रत्यक्षात हद्दीला लागून रॅम्पची, म्हणजे पुलावर जाणाऱ्या चढाची, काँक्रीटची भिंत उभी होती आणि खाली सेवा रस्त्याचा पत्ता नव्हता. गाडी लांब लावून मी शेजाऱ्याच्या बांधावरून चालत आत शिरलो.

"साहेब, रस्ता तर दारातनं गेलाय, मग भाव का नाही?" सत्तरीच्या मालकांनी विचारले.

"काका, दारातून नाही, डोक्यावरून गेला," असे तोंडून निघून गेले आणि लगेच वाईटही वाटले.

सिग्नलच्या चौकात वाहन थांबते, म्हणून चहाच्या टपरीपासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळ्यांना दर्शनी बाजू हवी असते. इंटरचेंज, म्हणजे चांदणी चौकासारखा रस्ते वर-खाली जोडणारा पूल, मात्र वाहन थांबू नये यासाठीच बांधलेला असतो, त्याच्या चढावर कोणाला फाटक काढू देणे धोक्याचे असते, त्यामुळे विकासाची ओढ रॅम्प साध्या रस्त्याला टेकतो तिथे सरकते. काकांच्या चुलतभावाची जमीन नेमकी अशा टोकाशी होती आणि तिथे शोरूमसाठी विचारणाही सुरू झाली होती. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी जमीनदरांच्या तक्त्यात, दोन्ही जमिनी एकाच विभागात, एकाच दराच्या! त्या तक्त्याला भिंत दिसत नाही, आणि आदल्या रात्री ती मलाही दिसली नव्हती.

धरलेला आकडा मी खोडला. टिपणवहीत 'प्रवेश' या शब्दापुढे 'शेजारच्या बांधावरून, पायी. लेखी हक्क नाही' असे लिहून काकांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत; वहिवाटीचे विचारण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारत बांधाकडे निघाले.