डायरेक्शन बेटावरचे तारमास्तर

तारखात्यात माझी ३१ वर्षं गेली. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपी, अंगात मुरली की पलीकडून कोण बोलतंय ते नाव कळायच्या आधीच समजतं. प्रत्येकाच्या हाताची लय वेगळी असते. एखादा अक्षरामागे किंचित रेंगाळतो, एखादा घाई करतो. अनोळखी हात आला की आमची मान आपोआप वर व्हायची. त्यामुळे ‘एमडेन’ या जर्मन क्रूझरची, म्हणजे वेगवान युद्धनौकेची गोष्ट वाचताना मी तिच्या तोफांपाशी फार थांबत नाही. मी थांबतो हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरच्या तार केंद्रापाशी.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर एमडेनने सुमारे दोन महिने हिंदी महासागरात धुमाकूळ घातला होता. २२ सप्टेंबरच्या रात्री तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. तिचं नाव तमिळमध्ये जाऊन बसलं, आजही तिकडे बिलंदर माणसाला ‘एमडन’ म्हणतात. तिला तीन धुराडी होती. कॅप्टन फॉन म्युलरने चौथं खोटं धुराडं उभारून तिला ब्रिटिश जहाजाचं रूप दिलं आणि त्याच सोंगात २८ ऑक्टोबरला पेनांग बंदरात शिरून रशियन क्रूझर बुडवली. त्याआधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती दिएगो गार्सियाला थांबली होती. युद्ध सुरू झाल्याची बातमीच त्या ब्रिटिश बेटावर पोहोचलेली नव्हती. म्युलरने ती सांगितली नाही. उलट त्याच्या माणसांनी तिथली बिघडलेली मोटरबोट दुरुस्त करून दिली. तार नसलेल्या बेटावर महायुद्धसुद्धा नसतं, हे मला या प्रसंगात फार लख्ख दिसतं.

कोकोसमधल्या डायरेक्शन बेटावर मात्र तार होती, आणि केवढी! एक केबल ऑस्ट्रेलियात पर्थकडे, एक बटाव्हियाकडे (आजचं जकार्ता), एक रॉड्रिग्ज बेटामार्गे आफ्रिकेकडे. शिवाय बिनतारीचा उंच खांब. हे जाळं तोडायचं म्हणून एमडेन ९ नोव्हेंबरला पहाटे तिथे आली. पण येताना तिने एक चूक केली. आपलं कोळशाचं जहाज ‘बुरेस्क’ हिला ती बिनतारीवरून हाका मारत होती. केंद्रातल्या माणसांच्या कानावर अनोळखी सांकेतिक खुणा पडल्या. त्यांनी उलट विचारलं, हे कोणतं जहाज? उत्तर आलं नाही. मग समोर उभ्या असलेल्या जहाजाचं चौथं धुराडंही खोटं निघालं.

ऑपरेटर संदेश पाठवू लागला: ‘एसओएस, प्रवेशाशी अनोळखी जहाज.’ एमडेनने त्याच लहरीवर आपली जोरदार खरखर सोडून त्याचा आवाज बुडवायला सुरुवात केली. असा गोंगाट कानात भरला की स्वतःचाच हात ऐकू येत नाही, शब्द पुरा गेला की नाही ते कळत नाही. तरी तो पाठवत राहिला, जर्मन शिपाई आत येईपर्यंत.

त्याच वेळी सुमारे ५० मैलांवरून ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी भरलेली ३८ जहाजं पश्चिमेकडे चालली होती. म्युलरला त्यांचा पत्ता नव्हता. त्यांच्या सोबतीच्या युद्धनौकांनी हाक ऐकली आणि ‘सिडनी’ क्रूझर निघाली.

इकडे लेफ्टनंट फॉन म्युके ५० जणांना घेऊन उतरला होता. केंद्राच्या लोकांपाशी लढायला काही नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. म्युलर आणि त्याच्या माणसांना आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक जाहीर झाल्याची बातमी तारेवरून आलेली होती, ती सांगून त्यांनी जर्मनांचं अभिनंदन केलं! बिनतारीचा खांब पाडताना तो टेनिस कोर्टावर पाडू नका अशी विनंती केली आणि जर्मनांनी ती मानली. हा तपशील लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात त्या माणसांचा धीर दिसतो. कारण त्यांनी जादा यंत्रं आधीच जमिनीत पुरून ठेवली होती, आणि जर्मन ज्या केबली पाण्यातून ओढून तोडत होते त्यांतली एक खोटी, निव्वळ फसवायला टाकलेली होती. पर्थची खरी केबल मात्र तुटली.

साडेनऊच्या सुमारास सिडनी दिसली. एमडेन भोंगा वाजवून निघून गेली, म्युकेची माणसं किनाऱ्यावरच राहिली. लढाईचं थोडक्यात सांगतो. सिडनीच्या तोफा सहा इंची, एमडेनच्या चार इंचांच्या जरा वर. दुपारच्या आत एमडेन जवळच्या नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवावी लागली. तिच्यावरची १३० हून जास्त माणसं गेली, सिडनीवरची चार.

म्युकेने बेटावरचं ९७ टनांचं जुनं शिडाचं जहाज ‘आयेशा’ ताब्यात घेतलं. तिचा तळ कुजलाय, असं केंद्राच्या लोकांनी त्याला बजावलं आणि सोबत शिधाही दिला. तो सुमात्रातल्या पाडांगला गेला, तिथून पुढे येमेनला, आणि १९१५ च्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. सहा महिन्यांच्या त्या प्रवासावर वेगळं लिहायला हवं.

पण आयेशा शिडं उभारून बाहेर पडली त्या संध्याकाळी मला बेटावरच थांबावंसं वाटतं. खांब आडवा पडलाय, टेबलांवरची यंत्रं फोडलेली आहेत, आणि कुणीतरी फावडं घेऊन पुरलेली यंत्रं उकरायला निघालाय.