कॅट-५ फीडलाइन: २८ मेगाहर्ट्झवरचा खड्डा सापडला

सापडला एकदाचा! माझ्या हौशी रेडिओ स्टेशनात रेडिओ ते अँटेना ही फीडलाइन म्हणून मी कॉम्प्युटर नेटवर्कची कॅट-५ केबल वापरतो. तिच्यात २८ मेगाहर्ट्झवर पॉवर कुठे मुरत होती ते कळलं. फेराइट निर्दोष, सोल्डर निर्दोष. दोष केबलच्या पिळात होता.

मांडणी मागच्या नोंदीतलीच आहे. २१ मीटर कॅट-५ई, तिच्यातल्या पिळलेल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन समांतर जोडून १०० चे ५० ओहम केलेले, दोन्ही टोकांना एफटी-१४०-४३ फेराइट कड्यांवर गुंडाळलेले १:१ करंट चोक (दोन्ही तारांतून एकाच दिशेनं वाहणारा नको तो करंट अडवणाऱ्या गुंडाळ्या). ७ आणि २१ मेगाहर्ट्झच्या बँडवर तक्रारीला जागा नव्हती. १४ वर जरा मंद वाटायचं. २८ वर मात्र बँड सताड उघडा असताना सगळीकडून रडके रिपोर्ट येत होते. वैताग याचा की एसडब्ल्यूआर (किती पॉवर रेडिओकडे परत येते त्याचं माप) फक्त १.५! इतक्या एसडब्ल्यूआरकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि मीही बघत नव्हतो.

शेवटी केबल खाली उतरवली, दोन्ही टोकं एकाच टेबलावर आणली आणि नॅनोव्हीएनए या हातात मावणाऱ्या मापकयंत्रावर आरपार लॉस (केबलमध्ये हरवणारी पॉवर, डीबीत; ३ डीबी म्हणजे अर्धी) मोजला. कॅट-५ईच्या मानकात १०० मीटरला १० मेगाहर्ट्झवर ६.५ डीबी आणि ३१.२५ वर ११.७ डीबी ही कमाल मर्यादा आहे. त्या हिशोबानं माझ्या लांबीला २८ वर सव्वादोन डीबीच्या आसपास यायला हवे होते. २८.३ वर आले चक्क ५. १४.१५ वर दीड-पावणेदोनच्या जागी पावणेतीन. आणि २१ वर? दोन, अगदी शहाण्यासारखे. पूर्ण स्वीप (सगळ्या फ्रीक्वेन्सींवरचं मोजमाप) काढला तर आलेखात साधारण ४.७ मेगाहर्ट्झच्या अंतरानं खड्डेच खड्डे, वर जावं तसे अधिक खोल.

पहिला संशय चोकवर. दोन्ही चोक पाठीला पाठ लावून मोजले तर रेघ सपाट. मग तांब्यावर. मागच्या रिळाच्या वेष्टनावर ‘शुद्ध तांबं’ छापलेलं होतं आणि ब्लेडनं तार खरवडली तर आत चांदीसारखी पांढरी ॲल्युमिनियम निघाली, ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. (तसल्या तारेत तांब्याचा थर आकारमानाच्या दहा टक्के धरला तर जेमतेम १३ मायक्रॉन भरतो, आणि ७ मेगाहर्ट्झला स्किन डेप्थच (पृष्ठभागापासून करंट साधारण जेवढ्या खोलीत वाहतो ती) २५ मायक्रॉन आहे. म्हणजे करंट ॲल्युमिनियममध्येही वाहणारच. शिवाय दोनदा वाकवली की तुटते. विकत घेताना ब्लेड खिशात ठेवा.) पण हे रीळ खऱ्या तांब्याचं आहे. आणि वाईट तारेचा लॉस सावकाश वाढत जातो, असे मोजूनमापून खड्डे पाडत नाही.

मग प्रत्येक जोडी सुटी मोजली. दोन्ही टोकांना ५:७ वेढ्यांचे ट्रान्सफॉर्मर लावून, नाहीतर ५० ओहमच्या यंत्रावर १०० ओहमची लाइन नुसत्या लाटा दाखवत बसते. चारही जोड्या स्वच्छ, एकही खड्डा नाही. दोन समांतर जोडल्या की खड्डे परत हजर. इथे गाठ सुटली.

कॅट-५मधल्या चार जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळ्या घट्टपणाचा ठेवतात, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीत कमी शिरतो. पण पीळ जितका घट्ट तितकी त्याच लांबीच्या आवरणात तार जास्त मावते आणि सिग्नल उशिरा पोचतो. सगळ्यात चपळ आणि सगळ्यात सुस्त जोडीत १०० मीटरला ४५ नॅनोसेकंदांपर्यंत फरक मानकाला चालतो. गिगाबिट इथरनेटचा रिसीव्हर तो आकडेमोड करून भरून काढतो. आपला सोल्डरचा गोळा कसली आकडेमोड करणार! माझ्या दोन जोड्यांत फरक निघाला जवळजवळ ५ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे एक मीटर केबल. २८.३ वर हे ५१ अंश होतात.

नुसत्या ५१ अंशांनी मात्र ५ डीबीचा हिशोब लागत नाही. दोन सिग्नल एवढ्या फरकानं एकत्र आले तर जेमतेम एक डीबी जायला हवा. उरलेल्याचं उत्तर असं की दोन्ही टोकांना जोडलेल्या दोन जोड्या मिळून एक बंद कडं तयार होतं. सरासरी विद्युत लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आली की ते कडं रेझोनन्सला येतं, आणि जोड्यांमधल्या फरकामुळे त्यात शिरलेली ऊर्जा लोडकडे जायच्या ऐवजी आतल्या आत फिरत राहते आणि तारेतच उष्णता होऊन संपते. रिगकडे (रेडिओकडे) परत फारसं काही येत नाही, म्हणून एसडब्ल्यूआर साळसूद दिसतो. माझ्यासारख्या मीटरवर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

व्हेलॉसिटी फॅक्टर (प्रकाशाच्या तुलनेत केबलमधला वेग) ०.६६ धरला तर माझे २१ मीटर ३१.८ मीटरसारखे वागतात, म्हणजे अर्धी तरंगलांबी ४.७ मेगाहर्ट्झला. तिप्पट केली की १४.१५, सहापट केली की २८.३. दोन्ही बरोब्बर बँडच्या आत! ७ येतो दीडपटीला आणि २१ येतो साडेचारपटीला, म्हणून ते दोघे सहीसलामत. आपले बँड एकमेकांच्या पटीत असण्याचा इतका खोडसाळ फायदा एखाद्या केबलनं घेतलेला मी तरी पाहिला नव्हता.

उपाय साधा निघाला. चारही जोड्यांचं दूरचं टोक उघडं ठेवून प्रत्येकीचा रेझोनन्स बघितला आणि सगळ्यात जवळच्या दोन निवडल्या. माझ्या रिळात त्या हिरवी आणि तपकिरी निघाल्या. तुमच्यात वेगळ्या असतील, मोजूनच घ्या. फरक एका नॅनोसेकंदाच्या आत आला आणि २८.३ वरचा लॉस २.३ डीबी. ती सपाट रेघ मी बराच वेळ नुसती बघत बसलो होतो, कबूल. त्याच संध्याकाळी २८ वर सीडब्ल्यूचे (मोर्सचे) रिपोर्ट सरळ झाले.

मोजणाऱ्यांसाठी एक सूचना: नॅनोव्हीएनए बॅटरीवरच चालवा. यूएसबीची तार लावली की तीच लाइनची तिसरी तार होते आणि तुम्ही घरातली वायरिंग मोजत बसता. त्याच्या सॉकेटांवर छोट्या जोडतारा कायमच्या चढवून ठेवा, ती सॉकेटं फार नाजूक आहेत. ट्रान्समिटसाठी आरजे-४५ जॅक (नेटवर्क केबलचा नेहमीचा) वापरू नये हे माझं मत जुनंच आहे. स्क्रूचे टर्मिनल बरे. बाहेर टाकायला काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, जेल भरलेली केबल घ्या. सोलताना हात बरबटतात, पण पाणी आत जात नाही.

हे लिहिता लिहिता दुसरी कल्पना सुचली होती: केबल मध्यावर कापून जोड्यांची अदलाबदल करायची, म्हणजे प्रत्येक मार्ग अर्धा घट्ट पिळातून, अर्धा सैल पिळातून जाईल आणि उशीर आपोआप सारखा होईल. कागदावर देखणी आहे, पण बाहेर लोंबणाऱ्या केबलच्या मध्यावर सांधा म्हणजे पावसाला आमंत्रण. रद्द.

आणि मुळात समांतर जोडायचंच कशाला? त्यानं लॉस कमी होत नाही, फक्त करंट वाटला जातो. १०० ओहमवर १०० वॉट म्हणजे १ ॲम्पिअर. मी २० वॉटच्या वर जात नाही, म्हणजे अर्धा ॲम्पिअरही नाही. एक जोडी पुरे आहे. बदल अँटेनाकडे करायला हवा. पूर्ण तरंगलांबीच्या लूपचा (बंद कड्याच्या अँटेनाचा) फीडपॉइंट, म्हणजे केबल जोडायची जागा, १०० ते १२० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तिथे नुसता चोक, मॅचिंग काहीच नाही. ५:७ चा ट्रान्सफॉर्मर मोजणीसाठी गुंडाळलेलाच आहे, तो रिगकडे बसेल.

तेव्हा आधी ठरवलेला दुसरा डायपोल (दोन सरळ तारांची अँटेना) बाजूला. २८.४ साठी डेल्टा (त्रिकोणी) लूप: ३०६ भागिले २८.४, म्हणजे १०.८ मीटर तार, प्रत्येक बाजू ३.६ मीटर. तार कापून ठेवली आहे. उरलेल्या तीन जोड्यांपैकी एकीवरून रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) १२ व्होल्ट जातील. २१ मीटरला जाऊन-येऊन ४ ओहमच्या आत रोध, १०० मिलीॲम्पिअरच्या रिलेला अडचण नाही. बाकीच्या दोन मोकळ्या सोडायच्या की दोन्ही टोकांना १०० ओहमनं बंद करायच्या, ते लूप वर चढवल्यावर दोन्ही प्रकारे स्वीप काढून ठरवतो.