ग्रो लाइटची उंची आणि तीव्रता बसवताना

टोरांटोत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि त्यातले बरेच दिवस ढगाळच जातात. आमच्या घराची खिडकी पूर्वेकडे असली तरी समोरच उंच इमारत असल्यामुळे थेट ऊन तिथे पाऊण तासही टिकत नाही. पहिल्याच हिवाळ्यात तुळस गेली, तेव्हा पुढच्या ऑक्टोबरात मी शंभर वॅटचा, पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी ग्रो लाइट, म्हणजे घरात झाडे वाढवण्यासाठीचा दिवा, घेतला. त्याखाली कढीपत्त्याची कुंडी आणि तुळस व मिरचीची नुकती उगवलेली रोपे असलेला ट्रे ठेवला.

दिवा ट्रेपासून पाऊण मीटर उंच टांगला आणि तीव्रतेची कळ चाळीस टक्क्यांवर ठेवली. खोली इतकी उजळून निघाली की यापेक्षा जास्त प्रकाश कशाला हवा, असेच मला वाटले. पण आठ दिवसांत रोपांची देठे दोऱ्यासारखी बारीक आणि लांब झाली व दोन पानांमधले पेर नको इतके वाढले. आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाप्रमाणे लहानमोठ्या होतात, त्यामुळे घरातला दिवा आणि बाहेरचे ऊन यांतला प्रचंड फरक डोळ्यांना जाणवत नाही, पानांना मात्र जाणवतो.

मग घाईने मी दिवा तीस सेंटीमीटरवर आणला आणि त्याच दिवशी कळही ऐंशी टक्क्यांवर नेली. चार दिवसांनी मधल्या रोपांची पाने वाटीसारखी वर वळली, शिरांमधला भाग फिकट पांढुरका पडला, आणि कडेची रोपे मात्र अजूनही मधल्या बाजूला झुकलेलीच होती. बाबांनी गावी भाज्यांची रोपे वर्षानुवर्षे तयार केली आहेत. व्हिडिओ कॉलवर ट्रे पाहताच ते म्हणाले, “मधली भाजली आणि कडेची उजेडाकडे धावतायत. एकाच ताटात दोन दुखणी आहेत तुझ्याकडे.”

उंची आणि तीव्रता म्हणजे एकच गोष्ट कमी-जास्त करण्याचे दोन मार्ग, ही माझी समजूत त्या वाक्याने मोडली. कळ फिरवली की सगळ्या ट्रेवरचा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी-जास्त होतो. उंची बदलली की प्रकाशाबरोबर त्याची पसरणही बदलते. जवळच्या दिव्याचा झोत मध्यभागी एकवटतो आणि कोपरे उपाशी राहतात. म्हणून आधी उंचीने पसरण बसवावी आणि मगच कळीने तीव्रता ठरवावी, हा क्रम मी तेव्हापासून सोडलेला नाही.

उजेड मोजण्यासाठी फोनमधले लक्स (उजेडाचे एकक) दाखवणारे साधे अॅप वापरले. फोनचा संवेदक पडद्याच्या वरच्या कडेला असतो, म्हणून तीच कड रोपाच्या शेंड्याच्या पातळीवर आडवी धरून ट्रेच्या नऊ ठिकाणी आकडे घेतले. मध्यभागी 36,000 लक्स होते आणि कोपऱ्यात अवघे 7,000. दिवा पन्नास सेंटीमीटरवर नेला, कळ साठ टक्क्यांवर आणली आणि ट्रेच्या तिन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे केले, तेव्हा मध्यभागी 13,500 आणि कोपऱ्यात 10,000 मिळाले.

लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचे माप आहे. झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल (प्रकाशकणांच्या संख्येचे एकक) पडतो, असा मोजतात. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण 67 ने भागले की अदमास येतो, म्हणजे मध्यभागी सुमारे 200 मायक्रोमोल. टायमर लावून चौदा तास दिवा चालू ठेवल्यास दिवसाला सुमारे 10 मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) होतात आणि लहान रोपांना तेवढे पुरतात. जांभळट-गुलाबी दिव्याला मात्र हा हिशेब अजिबात लागू पडत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा आणि पाच-सहा दिवस थांबून फक्त नव्या पानांकडे पाहायचे, असे मी ठरवले. फिकट पडलेले जुने पान पुन्हा हिरवे होईल म्हणून वाट पाहण्यात माझा आठवडा वाया गेला होता, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. नवे पान रुंद, सपाट आणि गडद आले की कळ दहा टक्क्यांनी वाढवायची, असे करत दीड महिन्यात मी नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचले. अंतर कुंडीतल्या मातीपासून न मोजता शेंड्यापासून मोजावे लागते, कारण रोप वाढते तसे ते स्वतःच दिव्याजवळ जाते. म्हणून दर रविवारी पट्टी लावून साखळीची एखादी कडी वर घ्यावी लागे. उंच कढीपत्ता आणि बुटकी तुळस एकाच दिव्याखाली असल्याने दह्याचे रिकामे डबे उपडे घालून त्यांवर तुळशीच्या कुंड्या ठेवल्या आणि सगळे शेंडे एका पातळीत आणले. प्रकाश वाढला तशी माती लवकर सुकू लागली, तेव्हा पाणीही वाढवावे लागले.

फेब्रुवारीच्या मध्यावर तुळशीची पेरे बोटाच्या एका कांड्याएवढी आखूड झाली होती आणि कढीपत्त्याच्या निम्म्या झडलेल्या फांदीवर तांबूस कोंब दिसू लागले. कोवळ्या कोंबांवर एकदम झोत पडू नये म्हणून ती कुंडी मी ट्रेच्या कोपऱ्याशी सरकवली आहे, आणि तिथे सध्या 14,000 लक्स मिळतात.