वाळवंटातलं चालणं सोपं, फिटनेस सर्टिफिकेट अवघड : सोलापूर ते जैसलमेर, माझा अनुभव

जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात चालायला जायचंय पण आयुष्यात कधी ट्रेक केलेला नाही, अशांसाठी लिहितेय. चालणं सोपं आहे. माझं वय ५४, बीपीची कमी डोसची गोळी चालू, जिना जास्त झाला की डावा गुडघा बोलतो, आणि तरी मला सगळं जमलं. जमता जमत नव्हतं ते फिटनेस सर्टिफिकेट. त्याच्याबद्दल कुणीच नीट सांगत नाही, सगळे डायरेक्ट वाळूचे आणि उंटाचे फोटो टाकतात, म्हणून मी तेच आधी सांगते, आणि अजून माझा राग पुरता गेलेला नाही हेही सांगते.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, आणि माझी नणंद. नवशिक्यांसाठी असलेला एक ग्रुप, रोज सकाळी थोडं संध्याकाळी थोडं चालायचं, रात्री तंबू, सामान गाडीतून. जानेवारीचा शेवट निवडला कारण गड्ड्याची यात्रा झाल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी सोलापूर सोडत नाही, नंदीध्वजांची मिरवणूक बघितल्याशिवाय संक्रांत झाली असं वाटतच नाही. आणि तिकडे थंडीतच जायचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यानंतर नाही. सोलापूरचा उन्हाळा काढलाय म्हणून तिकडचाही निघेल असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. बुकिंग, पैसे, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई आणि तिथून पुढची तिकिटं, सगळं मोबाइलवर झालं.

मग ग्रुपवाल्यांचा फिटनेसचा फॉर्म आला. ४५ च्या वरच्या माणसांना एमडी फिजिशियनची सही पाहिजे, सोबत ईसीजी, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर असलेला शिक्का, तारीख निघायच्या आधीच्या एका महिन्यातली, आणि हे सगळं त्यांच्याच छापील फॉर्मवर. वाचताना वाटतं एका सकाळचं काम आहे. आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलला गेलो, नाव लिहीत नाही, तिथं एकाच छताखाली सगळं होतं म्हणून गेलो. केस पेपर काढला, पैसे भरले, नंबर लागला. फिजिशियन आठवड्यातून दोनच दिवस ओपीडीत, ते बोर्डावर कुठंच लिहिलेलं नाही, पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं. बरं, परत आलो. लिफ्ट बंद, तीन मजले चढून गेले आणि वर पोचल्या पोचल्या तिथल्या मुलीनं उभ्या उभ्या स्वेटरच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला आणि बीपी घेतलं. १५२/९६. ते तसंच कागदावर लिहिलं गेलं.

इथं थांबून एक सांगते, हे सर्टिफिकेटपुरतं नाही, कायमचं लक्षात ठेवा. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नाही, दंड उघडा आणि हात छातीच्या उंचीला टेकवलेला, आधी अर्धा तास चहा नाही आणि बोलायचंही नाही. हे मी त्या मुलीला म्हटलं, ती म्हणाली, "काकू, मागं लाईन बघा की किती आहे." तिचीही चूक नाही म्हणा, एकटीच होती बिचारी. पण तो आकडा माझ्या कागदावर बसला ना.

डॉक्टरांनी आकडा बघितला, माझ्याकडे नाही बघितलं, आणि ट्रेडमिलवरची टेस्ट लिहून दिली. ईसीजी नॉर्मल होता तरी. मी म्हटलं सर मी रोज कंबर तलावाला फेऱ्या मारते, रविवारी नान्नजला माळावर चालते. "करून घ्या, सेफ असतं." सेफ असतं हे मला मान्य आहे, बीपीवाल्या बाईनं वाळूत चढायच्या आधी हृदय तपासून घ्यावं यात काहीच वावगं नाही, मी केलीही ती टेस्ट, चांगली आली. राग त्याचा नाही. राग पुढचा आहे.

टेस्ट नॉर्मल आली, डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली, आणि शिक्का खाली काउंटरला मिळेल म्हणाले. काउंटरवाले म्हणाले बाहेरच्या फॉर्मवर आम्ही शिक्का मारत नाही, आमच्या फॉरमॅटमध्ये सर्टिफिकेट देतो, त्याचे वेगळे पैसे. ठीक, भरले. हातात आलं त्यात एकच ओळ, की या बाई दैनंदिन कामकाजासाठी शारीरिकदृष्ट्या योग्य आहेत. ग्रुपवाल्यांना पाठवलं, त्यांचं उत्तर तासाभरात आलं, आमचाच फॉर्म पाहिजे आणि त्यात ट्रेकिंगसाठी योग्य असं स्पष्ट पाहिजे. परत काउंटर. "ट्रेकिंग शब्द आमच्या फॉरमॅटमध्ये नाही." मग घाला. "ते वरून यायला लागतंय." वरून म्हणजे कुणाकडून? अ‍ॅडमिनचे साहेब, ते रजेवर. आमचे हे शांत माणूस, आयुष्यात कुठल्या काउंटरवर आवाज चढवलेला नाही, ते म्हणाले, "ओ साहेब, डॉक्टर तुमचे, सही तुमच्या डॉक्टरची, टेस्ट तुमच्या मशीनवरची, मग शिक्का का नाही?" त्यावर तो माणूस म्हणाला, "मालक, माझ्या हातात असतं तर दोन मिनिटांत मारलं असतं की." आणि मला ते खरंही वाटलं. कुणाच्याच हातात काही नाही, हेच तर दुखणं आहे अशा ठिकाणचं. सही करणारा माणूस वर, शिक्का खाली आणि नियम तिसऱ्याच खोलीत, आणि मधल्या मधे पेशंट जिने चढतोय.

यात दिवस जात होते आणि एका महिन्याच्या आतली तारीख हा नियम डोक्यावर बसलेला. लवकर केलं तर तारीख जुनी होते, उशिरा केलं तर वेळ उरत नाही. नणंदेचं काम तोपर्यंत होऊन गेलं होतं, ती ४५ च्या आतली, तिला गल्लीतल्या एमबीबीएस डॉक्टरांची सही चालली.

सुटलं कसं ते सांगते, कारण तुम्हाला तेच उपयोगी पडणार आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नाव सुचवलं, स्वतःचा दवाखाना असलेले एमडी फिजिशियन. शिक्का त्यांच्याच टेबलावर. त्यांनी मला आधी बसवून ठेवलं, मग दोन्ही हातांचं बीपी घेतलं, १२८/८२ आलं. ट्रेडमिलचा रिपोर्ट नीट वाचला, गोळी कुठली विचारलं, रोज किती चालता, चढावर दम लागतो का, छातीत कधी भरून येतं का, आणि गुडघ्यावरून हात फिरवून बघितला. सही, शिक्का, नंबर, तारीख, सगळं तिथल्या तिथं. वर एक सांगितलं जे मला पूर्ण ट्रिपभर कामाला आलं, चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा, थांबू नका. बाहेर आल्यावर मी रिक्षात बसून अक्षरशः रडले, इतकं हलकं वाटलं. तर तुम्ही छोट्या दवाखान्यातूनच सुरुवात करा, जिथं सही आणि शिक्का एकाच माणसाकडे आहे, आणि नंबर लावायच्या आधी फॉर्म मोबाइलवर दाखवून विचारा, यावर शिक्का मिळेल का.

ईसीजीची झेरॉक्स काढून ठेवा लगेच. तो कागद उष्णतेवर उमटणारा असतो, काही महिन्यांत फिका पडतो, पुढच्या वर्षी तुलनेला काही उरत नाही.

आता चालण्याचं. पार्क म्हणजे ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलेलं, आत गावं आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत. मोठ्ठ्या वाळूच्या टेकड्या सगळीकडे असतात असं वाटतं पण तसं नाही, बराच भाग खडकाळ, कडक जमिनीचा आणि गवताचा आहे. म्हणून नवशिक्यांना बरं पडतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी जैसलमेर-बाडमेर रस्त्यावरचं आकल बघावं, शहरापासून १७ किलोमीटर. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे खोड दगड होऊन उघड्यावर पडलेत, काहींना वरून पत्रा आणि बाजूनं जाळी. चढ जवळजवळ नाहीच, तासाभरात आरामात फिरून होतं, बूट पायाला बसतात का ते तिथं कळतं. आज ओसाड दिसणाऱ्या त्या माळावर तेव्हा मोठाली झाडं उभी होती, दमट जंगल होतं, हे समजल्यावर आमचे हे एका खोडाजवळून हलेचनात.

वाळू पाहिजे तर सम आणि खुरी. सम शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास, तिथं उंटवाले, जीपवाले, गाणी, गर्दी फार. मला खुरी जास्त आवडलं. वाळूच्या टेकडीची एक बाजू वाऱ्याची, ती उताराला कमी आणि दाबून बसलेली असते, पाय कमी रुततो. दुसरी बाजू एकदम उभी आणि मऊ, तिकडनं चढायला गेलं की एक पाऊल पुढं, अर्धं मागं. म्हणून वाऱ्याच्या बाजूनं चढायचं, माथ्याच्या कडेकडेनं चालायचं आणि मऊ बाजूनं टाचा रोवत उतरायचं. गुडघेवाल्यांनो, ती उतरण एवढी सुखाची आहे की सांगता येत नाही, प्रत्येक पावलाला वाळू झेलून घेते. सिंहगड उतरताना गुडघ्याचं जे होतं त्यातलं काहीही झालं नाही.

सकाळी अंधारात उठवतात पण सूर्य तिकडे साडेसातच्या सुमारास उगवतो, आपल्यापेक्षा बराच उशिरा, आणि तोपर्यंत हात गारठतात, हातमोजे न्या. दहाला ऊन चढतं मग स्वेटर कमरेला. पाणी सकाळच्या चालीला माणशी दीड-दोन लिटर, थंडीत तहान लागत नाही म्हणून कमी नेऊ नका. अनवाणी चालायचा मोह होतो, वाळू गार आणि मऊ असते, पण गवताची काटेरी बोंडं वाळूत पडलेली असतात, तिकडं भुरट म्हणतात, पायात आणि मोज्यात रुततात. बूट घोट्याच्या वरपर्यंत आणि पँटचा काठ मोज्यात खोचलेला, मग वाळूही आत जात नाही.

आणि सुदासरी. पार्कातलंच कुंपण घातलेलं गवताळ रान, परवान्याचं आमच्या लीडरनं बघितलं. तिथं सपाट चालणं, वाट सोडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, भडक कपडे नाहीत. सेवण गवत, खेजडी, केर नावाची झुडपं, चिंकारा तर भरपूर. आणि लांब, दुर्बिणीतून, दोन माळढोक. तिकडे गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आता जगभरातले सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक या जैसलमेरच्या पट्ट्यात. मी सोलापूरची, नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून याच पक्ष्यासाठी आहे, लहानपणी वडील सायकलवरून येताना दिसला म्हणून सांगायचे, आणि मी स्वतः नान्नजला इतकी वर्षं जाऊन मला काळवीट दिसले, खोकड दिसलं, धाविक पक्षी दिसले, माळढोक कधी नाही. तो बघायला हजार किलोमीटर लांब जावं लागलं याचं मला आनंद आणि वाईट दोन्ही एकदम वाटलं. परत येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना विजेच्या तारा, पवनचक्क्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, वजन मोठं, झटकन वळता येत नाही, तारेला धडकून मरतो. हे तिथं उभं राहून ऐकणं वेगळं आहे. सोलापूरकरांनी तरी हे बघून यायलाच पाहिजे असं माझं मत आहे.

सरावाचं राहिलं. जायच्या आधी दोन महिने आठवड्यातनं चार दिवस तासभर चाला, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. आमच्याकडे डोंगर नाहीत, त्याची गरजही पडली नाही. नान्नजच्या आजूबाजूच्या माळावरच्या बैलगाडीच्या वाटा उत्तम, मऊ माती, सावली नाही, हुबेहूब तसंच ऊन. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, दोन्ही टिकतात, तंबूत सगळ्या ग्रुपनं मागून खाल्लं. बीपीची गोळी दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, आणि ज्या कागदावर डॉक्टरनं गोळीचं नाव लिहिलंय त्याचा फोटो मोबाइलमध्ये.

फॉर्मवर एक इमर्जन्सी नंबरचा रकाना असतो, तिथं बरेच जण नवऱ्याचा किंवा बायकोचा नंबर टाकतात, पण ते तर सोबतच असतात आणि तिकडे आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते. घरी सोलापुरात थांबलेल्या माणसाचाच नंबर द्या, आम्ही जावेचा दिला होता.