मुद्दाम नरम ठेवलेला बोल्ट

धुळे-शिरपूर रस्त्यावर सोनगीरजवळ माझे शेती अवजारे आणि ट्रॉलीच्या हायड्रॉलिक दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. मागच्या मे महिन्यात भर दुपारी जवळच्या ढाब्यावरून फोन आला, "भाऊ, गाडीची खोली आत जात नाही." मला फोनवर काहीच उमगले नाही.

गाडी म्हणजे मध्य प्रदेशातले चित्रीकरण आटोपून मुंबईला निघालेली व्हॅनिटी व्हॅन होती. जागा वाढावी म्हणून तिची सोफ्यासकटची अख्खी पेटी डाव्या अंगाने बाहेर सरकते. त्या वेळी पेटीचे पुढचे टोक बरेच आत शिरलेले आणि मागचे पूर्ण बाहेर होते. घाईत ओढलेला टेबलाचा खण तिरका अडकावा, तसे. भोवती जमलेल्यांपैकी एक म्हातारे बाबा मला विचारत होते, "काय व्हयनं भो?"

मी गाडीखाली शिरलो. पेटीच्या तळाला दोन्ही टोकांशी एकेक दातेरी पट्टी होती आणि तिच्या दात्यांत बसलेले छोटे चक्र. दोन्ही चक्रे एकाच आडव्या शाफ्टवर होती आणि तो शाफ्ट १२ व्होल्टची एकच मोटर गिअरबॉक्समधून फिरवत होती. दोन्ही टोके बरोबरीने सरकतात ती या शाफ्टमुळे. ड्रायव्हरच्या मते बॅटरी उतरली होती. शंका रास्त होती, कारण अशी मोटर भरपूर करंट ओढते आणि बॅटरी मरतुकडी असेल तर पेटी अर्ध्यावर थांबते. पण मीटर लावून बटण दाबले तर व्होल्टेज ठीक होते आणि मोटरही फिरत होती.

मग मी शाफ्टवर आणि दोन्ही चक्रांवर खडूच्या रेघा ओढल्या आणि बटण क्षणभर दाबायला सांगितले. पुढची रेघ अखंड राहिली. मागे शाफ्टवरची रेघ पुढे गेली आणि चक्रावरची जागीच राहिली. चक्र शाफ्टला जोडणारा तिथला बोल्ट सरळ कापला गेला होता, आणि तुटलेली कड नव्या नाण्यासारखी चकाकत होती.

तो का तुटला, हे गाडीच्या आत गेल्यावर कळले. पेटी पूर्ण बाहेर असते तेव्हा तिची आतली चौकट भिंतीवरच्या पोकळ रबराला दाबून धूळ-पाणी अडवते. दोन दिवस उन्हात तसेच दाबून राहिल्यामुळे मागच्या कोपऱ्यातले रबर रंगाला चिकटले होते. पेटी तिरकी होत असतानाही ड्रायव्हरने बटण सोडले नव्हते, हे त्याने बऱ्याच वेळाने कबूल केले.

पातळ पत्रा सरकवून मी रबर सोडवले आणि त्यावर सिलिकॉनचा फवारा मारला. बोल्ट तुटल्यामुळे मागचे चक्र शाफ्टवर मोकळे होते, ही सोयच झाली. चौघांनी मागचे टोक ढकलले आणि टेपने मोजलेले दोन्हीकडचे अंतर सारखे झाल्यावर भोके जुळवली.

"आता कडक, हाय टेन्साइल बोल्ट टाका, परत तुटायला नको," असा ड्रायव्हरचा आग्रह होता. मी साफ नकार दिला. रोटाव्हेटरला दगड लागला की त्याचा मुद्दाम नरम ठेवलेला शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. इथेही तोच हिशेब होता. कडक बोल्ट टाकला असता तर पुढच्या वेळी पट्टीचे दाते गेले असते, आणि ती पट्टी धुळ्यात कुठे मिळणार? तुटक्या बोल्टच्या डोक्यावर ४.६ ची, म्हणजे नरम पोलादाच्या ग्रेडची खूण होती. त्याच मापाचे, त्याच ग्रेडचे तीन बोल्ट डब्यातून काढले, एक बसवला आणि दोन त्याच्या हातावर ठेवले.

त्याने बटण दाबले. मी गाडीखाली आडवा पडून खडूच्या रेघांकडे पाहत होतो. या वेळी दोन्हीकडच्या रेघा न तुटता फिरल्या आणि पेटी सरळ आत गेली.