डेस्कटॉपसाठी सिस्टम मॉनिटर: मी एचटॉप आणि एटॉपवर का थांबलो

लिनक्स डेस्कटॉपवर सिस्टम मॉनिटर, म्हणजे मशीनवर काय काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम, कुठला टाकावा म्हटलं की लोक आधी स्क्रीनशॉट बघतात, आणि त्यात बीटॉप नावाच्या मॉनिटरचा हात कोणी धरू शकत नाही हे मान्य. ग्राफ देखणे, माऊस चालतो, सीपीयू मेमरी डिस्क नेटवर्क सगळं एकाच खिडकीत. पण माझं म्हणणं असं की मशीन धड चालू असताना कुठलाही मॉनिटर छानच वाटतो, खरा उपयोग मशीन रखडलं की कळतो. मागे बॅकअप चालू, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब, हार्डडिस्क जुनी फिरती, आणि माऊसचा बाण अडखळायला लागला की मला एवढंच हवं असतं, की नक्की अडलंय कुठे.

यासाठी मला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालणारा एचटॉप हा मॉनिटर आवडतो. २००४ सालचा आहे, हिशम मुहम्मद यांनी सुरू केला, २०२० मध्ये नवीन टीमने ३.० आवृत्ती आणली आणि तेव्हापासून जोरात काम चाललंय. सीपीयूच्या पट्ट्या रिकाम्या, पण लोड ॲव्हरेज (चालू किंवा खोळंबलेल्या कामांची सरासरी संख्या) मात्र ९, असं दिसलं की नवीन माणूस गोंधळतो. लिनक्समध्ये लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम) सुद्धा धरतात, म्हणून असं होतं. एस नावाच्या कॉलममध्ये ज्यांच्यापुढे डी दिसेल त्या बहुतेक वेळा त्याच. एफ२ दाबून डिस्प्ले ऑप्शन्समध्ये डिटेल्ड सीपीयू टाइम चालू करा, मग आयओ वेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, करड्या रंगात वेगळा दिसतो आणि दोष प्रोसेसरचा नाही, डिस्कचा आहे हे लगेच कळतं. हे सेटिंग मुळात बंद असतं, ते चालूच असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. तिथेच मीटर्समध्ये पीएसआयचे (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) मीटर मिळतात, लिनक्सच्या गाभ्याच्या म्हणजे कर्नलच्या ४.२० आवृत्तीपासून ही सोय आहे, मेमरी किंवा डिस्कपायी कामं किती वेळ खोळंबली ते टक्क्यांत सांगतात.

मेमरीचं एक सांगतो. पट्टीतला हिरवा भाग प्रोग्रॅमनी घेतलेला, पिवळा म्हणजे कॅश. पिवळा भाग मोठा दिसला म्हणून घाबरू नका, रिकामी रॅम लिनक्स फाईल्स साठवायला वापरतं आणि कोणाला लागली की लगेच सोडतं. हिरवा वाढतोय आणि खाली स्वॅपही (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरत चाललाय, तेव्हा मात्र टॅब बंद करा.

आता एचटॉपला जे जमत नाही ते. तो फक्त आत्ताचं दाखवतो, मशीन पूर्ण गोठलं की टर्मिनलच उघडत नाही मग बघणार काय, रीसेट मारल्यावर सगळा पुरावा गेला. म्हणून जोडीला एटॉप हा दुसरा मॉनिटर हवाच. तो मागे गप चालत राहतो आणि दर दहा मिनिटांनी सगळ्या प्रोसेसची नोंद व्हार लॉगमधल्या एटॉप फोल्डरमध्ये (/var/log/atop) टाकतो. नंतर एटॉप उणे आर (atop -r) ही कमांड देऊन फाईल उघडायची, छोटा टी दाबला की वेळ पुढे, मोठा टी दाबला की मागे. दहा मिनिटं डेस्कटॉपला फार होतात, तेवढ्यात काहीही होऊन जातं, म्हणून सेटिंगमध्ये ६०० सेकंदांचे ६० करून टाका, लॉग थोडे मोठे होतील पण गोठण्याच्या मिनिटभर आधी कोण रॅम खात होतं ते नावानिशी सापडतं.