फ्रिक्वेन्सी घसरली तेव्हा

पार्किंगमध्ये तीस इलेक्ट्रिक गाड्या बायडायरेक्शनल चार्जरला लावलेल्या होत्या. हे चार्जर गाडीत वीज भरतात आणि गरज पडली तर गाडीतली वीज ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, परतही देतात. माझी नजर स्क्रीनवरच्या फ्रिक्वेन्सीवर होती, म्हणजे ग्रिडमधल्या विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्या आकड्यावर. एरवी ती 50 हर्ट्झच्या आसपास रेंगाळते. मागणी वाढली की किंचित खाली, घटली की किंचित वर. त्या संध्याकाळी मात्र ती घसरतच गेली. 49.9, 49.8, 49.7. कुठलातरी वीज बनवणारा मोठा जनित्र संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला होता, हे नंतर कळलं.

मी हात हलवायच्या आत चार्जर कामाला लागले होते. कूलिंग फॅन एकदम जोरात घोंगावू लागले आणि स्क्रीनवर प्रत्येक गाडीच्या आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं. 10 किलोवॅट घेणारी गाडी आता 10 किलोवॅट देत होती, म्हणजे ग्रिडच्या हिशेबात एका गाडीमागे 20 किलोवॅटचा फरक. तीस गाड्यांचे 600. एवढ्या मोठ्या ग्रिडपुढे हे चिमूटभर, पण ते मिळालं क्षणार्धात, आणि अशा वेळी पहिले काही सेकंदच मोलाचे असतात. औष्णिक केंद्राला उत्पादन मोठ्या प्रमाणात वाढवायला मिनिटं लागतात.

इतक्यात एक ड्रायव्हर धावत आला. "मॅडम, माझी गाडी उतरतेय! सातला निघायचंय मला."

मी त्यांना शेजारी बसवून हिशेब दाखवला. वीस मिनिटं वीज दिली तरी जाणार साधारण 3.3 युनिट, त्यांच्या 60 युनिटच्या बॅटरीतले जेमतेम साडेपाच टक्के. निघायची वेळ आणि किमान 60 टक्के ही मर्यादा त्यांनीच भरलेली होती, त्याखाली सिस्टिम जात नाही.

"पण बॅटरी झिजेल ना?"

प्रश्न रास्त होता. थोडं थोडं दिलं तर झीज थोडीच होते, रोज खोलवर उतरवली तर नक्की वाढते. म्हणूनच मी ठामपणे म्हणते की गाडीमालकाला याचा मोबदला मिळालाच पाहिजे. फुकटात मागणं अन्याय आहे.

वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रांनी भार उचलला आणि गाड्या पुन्हा भरू लागल्या. सातला ते निघाले तेव्हा बॅटरी 72 टक्के होती. जाण्याआधी त्यांनी पुढच्या वेळेसाठी किमान मर्यादा 60 वरून 70 वर नेली. आमच्या वाट्याला कमी येणार होतं, तरी मला ते योग्यच वाटलं.